सातवी गाठ

गाठीकाका कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की चहाच्या आधी हौद विचारायचे. "पाणी कुठं साठवता?" एवढाच प्रश्न. यजमान गोंधळून जिन्याखाली नाहीतर मागच्या अंगणाकडे बोट दाखवायचे. काका तिकडे जायचे, झाकण सरकवायचे, सदऱ्याच्या खिशातून सुतळीचं भेंडोळं काढून आत सोडायचे आणि ओठ हलवत उभे राहायचे. तोवर कपातल्या चहावर साय धरलेली असायची. ती बोटाने बाजूला करून चहा पिताना ते सांगायचे, "चार गाठी भरला हाय. तळाला एकशे बारा. भिंत चांगलीय तुमची, घाबरू नका." यजमान तोपर्यंत घाबरलेले नसत. हे ऐकून घाबरत.

सुतळीला फुटाफुटावर गाठ होती. अशा दहा गाठी आणि शेवटी वजनाला एक पितळी नट. मोजण्याआधी सुतळी पूर्ण भिजवायची हा त्यांचा नियम. "कोरडी सुतळी खोटं बोलती," ते म्हणायचे. "भिजली की आखडती. म्हणून आधी तिला पाण्यात घालायची, मग इचारायचं." गाठी त्यांनी सुतळी ओली असतानाच बांधल्या होत्या. वर्षातून एकदा पोलादी टेपला लावून त्या तपासायचे आणि सरकलेली गाठ सोडून पुन्हा बांधायचे. मला हे पहिल्या दिवसापासून आवडलं. मी स्वतः याद्यांवर जगणारी बाई. घरात किराण्याची यादी वेगळी, दुरुस्त्यांची वेगळी आणि विसरू नये अशा गोष्टींची वेगळी. काकांनी तिसऱ्याच भेटीत माझं नाव यादीबाई ठेवलं.

गारखेड्याच्या बाजूला आमची बारा घरांची वसाहत. काका नऊ नंबरला एकटे राहायचे. पत्नी आधीच वारलेल्या, मुलगा जळगावला. घराणं सिल्लोडकडचं, शेतकरी. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते शाळेत शेवटच्या वर्गात होते आणि सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. पुढे पाण्याच्या खात्यात ओव्हरसियर झाले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. त्यामुळे बोलणं सिल्लोडचं आणि हिशेब उर्दूतला. आकडेमोड करताना ते पुटपुटायचे ते "गहराई, दबाव" असंच. सहीसुद्धा उर्दूत, उजवीकडून डावीकडे. एकदा मी विचारलं, राज्य बदललं तेव्हा सगळं नव्याने शिकायला त्रास झाला असेल ना? ते म्हणाले, "आधी साडेबासष्ट रतल शिकलो, मग आलं अठ्ठावीस किलो. भाषा बदलली, मापं बदलली. पाणी पहिल्याइतकंच ढकलतं."

हे अठ्ठावीस म्हणजे त्यांचा मूलमंत्र. पाण्यात एक फूट खाली गेलं की एक चौरस फूट जागेवर अठ्ठावीस किलो, जुन्या मापात साडेबासष्ट रतल, दाब येतो. दोन फुटांवर छप्पन्न, तीन फुटांवर चौऱ्याऐंशी. वर थोडा अपूर्णांक असतो, तो ते सोडून द्यायचे. "तो पाण्याला बक्षीस." वसाहतीतल्या सगळ्या मुलांना अठ्ठावीसचा पाढा पाठ होता. बाकीच्या पाढ्यांत अडखळणारी माझी मुलगीसुद्धा अठ्ठावीस साते एकशे शहाण्णव झोपेत म्हणायची. काका हौदाच्या कडेला उभे राहून एक गाठ बोटात धरायचे, "हितं किती?" म्हणून विचारायचे आणि उत्तर बरोबर आलं की खिशातून गुडदाणी काढून द्यायचे. चुकलं तरी द्यायचे, मात्र अर्धी मोडून.

वसाहतीचा सामायिक हौद कोपऱ्यात होता. जमिनीवरचा, विटांचा, वीस फूट लांब आणि पाच फूट उंच. नळाचं पाणी आधी त्यात पडायचं, मग पंपाने गच्चीवरच्या टाक्यांत चढायचं. आम्ही राहायला आलो तेव्हा पाणी दिवसाआड यायचं. मग दोन दिवसांआड झालं, मग तीन. या शहरात पाण्याचा दिवस हा सणासारखा पाळतात. त्या दिवशी गावाला जायचं नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत, दवाखान्याची वेळ घ्यायची नाही. पाणी कमी पडायला लागलं तेव्हा शहरात सगळ्यांनी जे केलं तेच आमच्या सभेत ठरलं. हौदाची भिंत वाढवायची. मी सेक्रेटरी होते. विषयांच्या यादीत हा चौथा विषय होता.

"अडीच फूट चढवू," आमचे अध्यक्ष म्हणाले. ते चार नंबरला राहायचे. "जागा तीच, पाया तोच. दीडपट पाणी मिळतंय."

"आणि धक्का?" काका म्हणाले.

"धक्काही दीडपट. सोसेल की भिंत."

"दीडपट नाय, सव्वादोनपट. उंची वाढली की दाब वाढतो, अन् दाब खायला भिंतपण वाढती. दोन्ही बाजूनं मार हाय, साहेब."

"अहो काका, वीस फूट लांब हौद आहे. पाणी पसरतं, दाबही पसरणारच."

काका उठून गेले. त्यांना राग आला असं सगळ्यांना वाटलं. पाच मिनिटांनी ते गवंड्यांची लेव्हलची नळी घेऊन आले, बोटाएवढी जाड, पारदर्शक. सगळी सभा त्यांनी हौदापाशी नेली. नळी पाण्याने भरून तिचं एक टोक हौदात बुडवलं आणि दुसरं बाहेरून भिंतीशी उभं धरलं. नळीतलं पाणी हौदातल्या पाण्याच्या बरोबर पातळीवर येऊन थांबलं.

"आता सांगा. हौदात हजारो लिटर हाय अन् नळीत तांब्याभर नाय. तरी नळी सगळ्या हौदाला अडवून उभी हाय. पसरलेल्या पाण्याचा दाब जास्त का कमी असता, तर नळी भरून वाहिली असती, न्हायतर खाली गेली असती. तळाला रुंदी कळत नाय. उंचीच कळती."

कपडे धुणाऱ्या शांताबाई शेजारच्या नळाला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, येवढं पाणी मोजण्यापरीस दोन बादल्या मला भरून दिल्या असत्या, तर धुणं झालं असतं माझं." सगळे हसले. काकाही हसले. मग हात वर करून मतदान झालं. नऊ विरुद्ध एक. दोघं आले नव्हते. मी नऊमध्ये होते. काकांनी हिशेबाचा कागद मला लिहून दिला. त्यात भिंतीला बाहेरून टेकू द्यावेत, नाहीतर नवा काँक्रीटचा हौद बांधावा, असं होतं. मी तो कागद भोक पाडून फाईलला लावला.

भिंत चढली. काका रुसले नाहीत. त्यांनी हौदाच्या आतून साडेपाच फुटांवर लाल रंगाची ओळ मारली आणि जाहीर केलं, "तुमच्या अडीचमधला अर्धा फूट मी दिला. राहिलेले दोन भिंतीचे." दर पाण्याच्या दिवशी सकाळी ते स्टूल टाकून हौदापाशी बसायचे. पाणी ओळीला लागलं की चाक फिरवून व्हॉल्व्ह बंद. पंपाच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली होती. तीत तारीख, सुरुवातीच्या गाठी, शेवटच्या गाठी आणि सही. शेरा असला तर तोही उर्दूत. आमच्यापैकी कुणालाच तो वाचता यायचा नाही. महिन्यातून एकदा डबी आणि चिंधी घेऊन बसायचे आणि व्हॉल्व्हला तेल द्यायचे.

लोक कुरकुरायचे. "अडीच फूट काय शोभेला बांधलं?" अध्यक्ष तर तोंडावर म्हणायचे, "काका, भिंतीला तुमच्या गाठी मोजता येत नाहीत हो." काका म्हणायचे, "तिलाच येतात. म्हणून तर मी बसतो." अशी तीन वर्षं गेली. भिंतीला चीर नाही, ओल नाही. ती ओळीमुळे टिकली आहे हे विसरून तीन वर्षं टिकली एवढंच आमच्या लक्षात राहिलं.

एका पाण्याच्या दिवशी काकांच्या पुतण्याकडे सिल्लोडला साखरपुडा निघाला. ते जायला तयार नव्हते. मीच त्यांना म्हटलं, "जा काका. मी बघते. यादीत लिहिलंय." त्यांनी यादी मागून घेतली आणि वाचली. 'ओळीवर व्हॉल्व्ह बंद' असं दुसऱ्याच क्रमांकावर होतं. त्यांनी ती परत दिली आणि सातच्या एस.टी.ने गेले.

त्याच सकाळी वर्तमानपत्रात आलं होतं की मोठ्या जलवाहिनीची दुरुस्ती आहे, पुढचं पाणी आठवड्याने. मी व्हॉल्व्हपाशी उभी राहिले. पाणी ओळीला लागलं. चाकावर माझा हात होता. अध्यक्ष गच्चीवरून म्हणाले, "बाई, भरून घ्या, आठ दिवस जायचेत." मला अठ्ठावीस साते माहीत होतं. पण तीन वर्षंही माहीत होती आणि बारा घरांची धुणीभांडी माहीत होती. मी हात काढून घेतला. नळ गेला तेव्हा हौदातलं पाणी सात फुटांवर होतं. यादीतली ती ओळ मी खोडली आणि घरी जाऊन पोळ्या केल्या.

काका दुपारच्या एस.टी.ने परत आले. पुढचं मी शांताबाईंकडून ऐकलं. त्या आणि बारा नंबरच्या वहिनी भिंतीला पाठ लावून धुणं धूत होत्या. काका पिशवी घेऊन फाटकातून आले, कोपऱ्यातल्या विटांच्या सांध्यातून झिरपणारं पाणी बघितलं आणि पिशवी टाकून ओरडले. "उठा! धुणं ऱ्हाऊ द्या, उठा!" वहिनी उठल्या. शांताबाई म्हणाल्या, "आता काय मोजता उन्हाचं?" तेव्हा त्यांनी शांताबाईंना दंडाला धरून ओढलं. बाईमाणसाला त्यांनी कधी हात लावला नव्हता, म्हणून त्या उठल्या. मग काका हौद रिकामा करायचा तळाजवळचा व्हॉल्व्ह उघडायला वाकले. तो अर्धा उघडला असेल. भिंत बाहेरच्या बाजूला आडवी झाली.

मी आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा अंगणात घोटाभर पाणी होतं. धुणं फाटकापर्यंत वाहत गेलं होतं. काका गुलमोहराला टेकून बसले होते आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला होता. मी रिक्षा बोलावली, चादर आणली, मुलाचा फोन नंबर शोधला. काय काय करायचं ते मी मनात क्रमाने लावत होते आणि एकेक करत होते. दुसरं काही मला वाटत नव्हतं. अजूनही तो दिवस आठवला की आधी क्रमच आठवतो.

सगळ्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "नळाचा व्हॉल्व्ह अडकला. फिरेना." तयारी करून म्हटलं नाही. तोंडातून आलं. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. तेही काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. पाय वर बांधलेला होता. मी आणलेलं मुगाचं वरण त्यांनी बाजूला ठेवलं आणि विचारलं, "किती गाठी व्हत्या?"

"सात."

ओठ हलले. "तळाला एकशे शहाण्णव. पाच फुटांच्या हिशेबात सगळ्या भिंतीवर जवळपास दुप्पट." मग विचारलं, "व्हॉल्व्ह अडकला म्हणं?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या व्हॉल्व्हला त्यांनी आदल्याच आठवड्यात तेल दिलं होतं. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. "बरं," ते म्हणाले. "ती वही घिऊन ये उद्या. पंपाच्या खोलीतली."

मी वही नेली. त्यांनी उशीवर ठेवून लिहिलं, सही केली आणि मिटून माझ्या हातात दिली. मी ती जिन्यात उघडली. तारीख होती. गाठी सात. शेऱ्यात लिहिलं होतं, 'व्हॉल्व्ह घट्ट. तेल देणे माझ्याकडून राहिले.' इतक्या वर्षांत त्या वहीत त्यांनी मराठीत लिहिलेला हा एकच शेरा. अक्षर शाळकरी मुलासारखं, प्रत्येक शब्दावरची रेघ वेगळी काढलेली. सगळ्यांना वाचता यावं म्हणून मराठीत लिहिला होता. सगळ्यांनी वाचला. गाठ सरकली तर सोडून पुन्हा बांधणारा माणूस, त्याने आयुष्यात एक खोटी नोंद केली असेल तर ती ही.

"म्हातारा झाला, विसरला," लोक म्हणू लागले. "उगाच आपल्या भिंतीला नावं ठेवत होता." फक्त शांताबाई नळावर मोठ्याने म्हणाल्या, "तेल इसरले म्हणं! म्या बघितलं व्हतं त्यान्ला, गुरवारी डबी घिऊन बसले व्हते." कुणी लक्ष दिलं नाही. मी तिथे बादली लावून उभी होते. बादली भरली, मी उचलून आत गेले.

दीड महिन्याने मुलगा जीप घेऊन आला. काका कुबड्यांवर होते. सामान फार नव्हतं. खिशातली सुतळी त्या दिवशी पाण्याबरोबर वाहून गेली होती, ती कुणालाच सापडली नाही. मी जीपच्या दारापाशी गेले आणि म्हटलं, "काका, तो व्हॉल्व्ह..."

"व्हय," त्यांनी मध्येच तोडलं. "व्हॉल्व्हाला महिन्यातून एकदा तेल. लिव्ह यादीबाई, बाकीचं तुझ्या यादीत लिवलेलंच व्हतं."

माझ्या हातात यादी होतीच. मी लिहिलं. जीप निघाली.

चार-पाच वर्षांनी मुलाचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाला. मी त्या वेळी यादी करत होते. 'गॅसचा नंबर लावणे' आणि 'गच्चीची टाकी धुणे' यांच्यामध्ये मी 'गाठीकाका गेले' असं लिहिलं. रडू येईल म्हणून जरा थांबले. आलं नाही. गॅसचा नंबर लावला. संध्याकाळी गच्चीवर जाऊन टाकी धुतली आणि भरायला लावली. पाणी कुठपर्यंत आलं ते बोटाने बघत होते. एकदम लक्षात आलं की मी पुटपुटते आहे. अठ्ठावीस, छप्पन्न, चौऱ्याऐंशी.

आता शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. पाणी अजून दिवस मोजूनच येतं. आमचा नवा हौद काँक्रीटचा आहे. त्याच्या आत लाल ओळ आहे आणि मी सुतळीला गाठी मारून घेतल्या आहेत, सुतळी ओली करून. नायलॉनची दोरी टिकते, पण काकांना चालली नसती. गेल्या आठवड्यात पंपाची खोली पाडायला काढली. सामानाची यादी करताना खिळ्याची ती वही हातात आली. पानं पिवळी पडली आहेत. सगळ्या उर्दू नोंदींच्या खाली तो एक मराठी शेरा आहे. त्याच्या पुढचं पान कोरं आहे.

शांताबाई आता धुणं धूत नाहीत, सुनेकडे असतात. पण दुपारी येऊन बसतात. मी पेन काढलं तेव्हा म्हणाल्या, "आता काय लिहितीस? ती खोली तर चालली."

"काकांच्या खाली एक ओळ राहिलीय," मी म्हटलं.

त्यांना वाचता येत नाही. मी लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. गाठी सात. व्हॉल्व्हला तेल दिलेले होते, तो सहज फिरत होता. पाणी ओळीला लागल्यावर मी तो बंद केला नाही.

शांताबाई ऐकत होत्या. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "म्या सांगत नव्हते?"

उद्या सभा आहे. विषयांच्या यादीत हे पान वाचून दाखवणं पहिल्या क्रमांकावर घातलं आहे. खाली सही केली, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल अशी.